बहिणीचे ऋण न विसरणारा शास्त्रज्ञ

मंडळाच्या भगिनींनी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावयास सांगितले, तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पण मुलाचा अभ्यास घेताना त्याच्या पुस्तकात ग्रेगर मेंडेल हे नाव आले. मग वाचनालयातून पुस्तक आणून त्यांची हकीकत वाचली, ती मनात घर करून राहिली.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली तेव्हाच्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांना फळझाडांची आवड, त्यामुळे कलमे बांधणे मुलगा घरीच शिकला. तो हुशार होता, पण घरी गरिबी. त्यातच अंगावर लाकडाचा ओंडका येऊन वडील जायबंदी झाले. शिक्षण थांबणार, तोच धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. आपल्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या पैशांतला वाटा तिने भावाला दिला.

१८४३ साली मेंडेल ब्रनो शहरातील मठात दाखल झाले. तेथे ते शाळेत शिकवीत. पण दोनदा प्रयत्न करूनही शिक्षकाची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आले नाही. तरी ते खचले नाहीत. १८५६ पासून आठ वर्षे त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची लागवड केली. फूल उमलण्यापूर्वीच ते उघडून आतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि वर पिशवी बांधायची. अशी सुमारे अठ्ठावीस हजार झाडे त्यांनी तपासली.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. पुढच्या पिढीत मात्र ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुतलेपणा नाहीसा झाला नव्हता, नुसता झाकला गेला होता. प्रत्येक गुणाचा एक अंश आईकडून व एक वडिलांकडून येतो, असे त्यांनी दाखवून दिले. नवी वाणे तयार करणाऱ्यांना पुढे याच नियमांचा आधार मिळाला.

१८६५ साली त्यांनी हे संशोधन सभेत वाचले, १८६६ मध्ये ते छापूनही आले. पण त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले आणि कारभारात गुंतले. १८८४ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. १९०० साली तीन शास्त्रज्ञांनी तेच नियम पुन्हा शोधले, तेव्हा कुठे जगाला मेंडेल कळले.

मला मात्र त्यांची आणखी एक गोष्ट मोठी वाटते. तेरेझियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला या मामाने हातभार लावला. त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

माझी शाळा सुटली ती धाकट्या भावाची फी भरता यावी म्हणून. त्याचे मला दुःख नाही, भाऊ शिकला. पण आता माझ्या मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा प्रश्न घरात निघाला आहे, आणि या वेळी मी गप्प बसणार नाही. भगिनींनो, मटार सोलताना एखादा दाणा हातात घेऊन पाहा. त्यामागे एका बहिणीचा पैसा आहे.