विश्लेषण : गर्भवतींना फॉलिक अॅसिडच का? मुंबईत उत्तर शोधणाऱ्या ल्युसी विल्स कोण होत्या?

गर्भवतीची नोंदणी झाली की सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्यांमध्ये फॉलिक अॅसिड हमखास असते. या जीवनसत्त्वाचा पहिला माग १९३० च्या सुमारास मुंबईतल्या गरीब गर्भवतींच्या रक्तातून आणि ताटातून लागला. तो काढणाऱ्या डॉक्टर होत्या ल्युसी विल्स.

शिक्षण काय होते?

ल्युसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. मात्र महिलांनी परीक्षा दिली तरी केंब्रिज त्यांना पूर्ण पदवी देत नसे. हा नियम बदलायला १९४८ उजाडले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे त्यांनी स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले. नंतर लंडनच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन १९२० मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयाची प्रयोगशाळा निवडली.

मुंबईत का आल्या?

बाळंतपणात आणि त्याआधी होणाऱ्या मातामृत्यूंची कारणे शोधण्याचे काम तेव्हा भारतात सुरू होते. गर्भारपणातील तीव्र रक्तक्षय हे त्यातले एक मोठे कारण. त्याच्या अभ्यासासाठी विल्स १९२८ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेत दाखल झाल्या. या रुग्णांच्या रक्तातील लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. म्हणजे हा लोहाच्या कमतरतेचा साधा रक्तक्षय नव्हता, कारण त्यात पेशी लहान होतात.

ताटात काय सापडले?

विल्स यांनी तळपदे यांच्यासह मुंबईतील वेगवेगळ्या थरांतील महिलांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली. शहर एक, हवा एक; पण आजार सर्वांना सारखा होत नव्हता. ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्या गरीब मुस्लिम महिलांमध्ये तो सर्वाधिक आढळला. त्यामुळे संशय आहारावर गेला. कोण काय खाते आणि कोण आजारी पडते, हे शेजारी शेजारी मांडून पाहण्याची ही पद्धत आजही सार्वजनिक आरोग्य पोषणाच्या अभ्यासाचा पाया आहे.

यीस्टचा शोध कसा लागला?

पाहणीतून संशय येतो, पुरावा मिळत नाही. म्हणून विल्स यांनी प्राण्यांना तसाच अपुरा आहार देऊन पाहिला. काही काळ त्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतही काम करत होत्या. उंदरांवरच्या प्रयोगात दुसऱ्याच एका संसर्गाने गोंधळ उडाला, तेव्हा त्या माकडांकडे वळल्या. आहारामुळे रक्तक्षय झालेली माकडे यीस्टच्या अर्काने सुधारली. हा अर्क म्हणजे ब्रिटनमध्ये पावाला लावून खाल्ले जाणारे मार्माइट. रुग्ण महिलांनाही ते देण्यात आले आणि त्यांच्या रक्तातील पेशी वाढू लागल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तेव्हा अशा रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत, पण तो महाग असे. यीस्ट त्या मानाने स्वस्त होते. शिवाय यकृताचा शुद्ध केलेला अर्क ज्या रुग्णांवर चालत नव्हता, त्यांच्यावर यीस्ट गुणकारी ठरले. म्हणजे त्यातला घटक वेगळाच होता. त्याची रासायनिक ओळख पटेपर्यंत अभ्यासक त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. ओळख पटली नव्हती, तरी उपचार मात्र सुरू झाले होते.

फॉलिक नाव कुठून आले?

१९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा काढण्यात आला. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पुढे तो कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या लेडरले कंपनीच्या संशोधनाचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होते. फॉलिक अॅसिड म्हणजे बी ९ जीवनसत्त्व. नव्या पेशी तयार होताना ते लागते, म्हणून गर्भारपणात त्याची गरज वाढते.

विल्स यांचे पुढे काय झाले?

लंडनला परतल्यावर त्यांनी रॉयल फ्री रुग्णालयातच काम केले. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावर जमैका आणि फिजीमध्ये जाऊन पोषण व रक्तक्षयाचा अभ्यास केला. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्या चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले, की आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असलेल्या मातांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते. हे पाहायला विल्स हयात नव्हत्या.

आज काय?

‘अॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. पालेभाज्या आणि डाळींतही हे जीवनसत्त्व असते, पण भाजी फार वेळ शिजवली किंवा तिचे पाणी ओतून दिले, तर बरेचसे वाया जाते. गोळी आता मोफत मिळते. विल्स यांनी पाहणीत नोंदवलेला ताटातला फरक मात्र गोळीने मिटत नाही.