चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ

चार्ल्स प्रोटियस स्टाइनमेट्झ (जन्म : ब्रेस्लाऊ, ९ एप्रिल १८६५, मृत्यू : स्केनेक्टडी, २६ ऑक्टोबर १९२३) हे जर्मनीत जन्मलेले अमेरिकन विद्युत अभियंते व गणिती होते. प्रत्यावर्ती विद्युतधारेच्या परिपथांचे गणित संमिश्र संख्यांच्या साहाय्याने करण्याची पद्धत त्यांनी अभियांत्रिकीत रूढ केली. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) न वापरता केवळ धारित्राने (कपॅसिटरने) विद्युतदाब उतरवून लहान इलेक्ट्रॉनिक उपकरणे चालवली जातात, त्यांचा हिशेबही याच पद्धतीने केला जातो.

सुरुवातीचे जीवन

स्टाइनमेट्झ यांचे मूळ नाव कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ. ब्रेस्लाऊ हे शहर त्या काळी प्रशियात होते. आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. वडील रेल्वेत नोकरीला होते. स्टाइनमेट्झ एक वर्षाचे असतानाच आईचे निधन झाले. त्यांच्या पाठीला जन्मतःच कुबड होते व उंची जेमतेम चार फूट होती. हे व्यंग वडिलांना व आजोबांनाही होते.

१८८३ मध्ये त्यांनी ब्रेस्लाऊ विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रोटियस हे टोपणनाव त्यांना तेथील विद्यार्थी मंडळात मिळाले. बिस्मार्कच्या राजवटीत समाजवादी संघटनांवर बंदी होती. बंदी घातलेल्या गटाशी संबंध आणि त्याच्या पत्रातील लेखन यांमुळे अटक होण्याची चिन्हे दिसताच १८८८ मध्ये, डॉक्टरेट हाती येण्यापूर्वीच, त्यांना देश सोडावा लागला. काही काळ झुरिचमध्ये शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते मित्र ऑस्कर आस्मुसेन यांच्यासोबत न्यूयॉर्क बंदरात उतरले. पैसा नाही, इंग्रजी तुटपुंजे आणि शरीर अधू, अशा माणसाला परत पाठवण्याचा अधिकाऱ्यांचा विचार होता. आस्मुसेन यांनी त्यांची बाजू घेतल्यानंतरच त्यांना प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी आपले नाव चार्ल्स प्रोटियस असे करून घेतले.

हिस्टेरेसिसचा नियम

योंकर्स येथे रुडॉल्फ आयकेमायर यांचा टोप्या बनवण्याच्या यंत्रांचा कारखाना होता व तेथे विद्युत यंत्रेही तयार होत. आयकेमायर स्वतः जर्मनीतून आलेले राजकीय निर्वासित होते. त्यांनी स्टाइनमेट्झ यांना नोकरी दिली. प्रत्यावर्ती धारेमुळे यंत्रातील लोखंडाच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटत राहते आणि काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती किती, हे यंत्र बांधून चालवल्याखेरीज नीट कळत नसे. ही हानी चुंबकीय अभिवाह घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा अनुभवसिद्ध नियम स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये मांडला. त्यामुळे हानीचा अंदाज कागदावरच करता येऊ लागला. पुढे जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आयकेमायर यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १८९४ पासून स्टाइनमेट्झ यांचे वास्तव्य अखेरपर्यंत स्केनेक्टडी येथे राहिले.

संमिश्र संख्यांची पद्धत

एकदिश धारेसाठी ओहमचा साधा नियम पुरतो. प्रत्यावर्ती धारेत मात्र वेटोळ्यातील धारा दाबाच्या मागे पडते आणि धारित्रातील धारा दाबाच्या पाव आवर्तन पुढे असते. अशा परिपथासाठी अभियंत्यांना अवकल समीकरणे सोडवत बसावे लागे. १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी दाब व धारा या दोन्ही राशी संमिश्र संख्यांनी दर्शवण्याची रीत मांडली. समीकरणांच्या जागी बेरीज-गुणाकार आले आणि ओहमच्या नियमाचा साचा प्रत्यावर्ती धारेलाही लागू झाला. त्याच वर्षी आर्थर केनेली यांनीही या दिशेने निबंध वाचला होता; त्यामुळे पद्धतीचे सारे श्रेय एकट्या स्टाइनमेट्झ यांना देणे योग्य नाही. मात्र बहुतेक अभियंत्यांना संमिश्र संख्या परक्या होत्या आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके लिहिण्याचे कष्ट स्टाइनमेट्झ यांनी घेतले. अर्न्स्ट बर्ग यांच्या सहकार्याने लिहिलेला प्रत्यावर्ती धारेवरील ग्रंथ १८९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या गणिताचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होते. ११० व्होल्टचा तारेचा दिवा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्यावर धारित्रासोबत एकसरीत जोडला, तर धारित्रावर उरलेले १२० व्होल्ट येतील असे वाटते. प्रत्यक्षात सुमारे २०२ व्होल्ट येतात. दोन्ही दाब एकमेकांशी काटकोनात असल्याने त्यांची बेरीज पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे होते.

रोहित्राविना दाब उतरवणे

एलईडी दिवे, वीजमीटर यांसारख्या अनेक उपकरणांतील इलेक्ट्रॉनिक भागाला थोडे मिलिअँपिअर पुरतात. तेवढ्यासाठी रोहित्र जड व महाग पडते. भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठ्यावर ०.४७ मायक्रोफॅरडच्या धारित्राचा रिॲक्टन्स सुमारे ६,८०० ओहम असतो व त्यातून जास्तीत जास्त ३४ मिलिअँपिअर धारा वाहते. तेवढीच धारा साध्या रोधाने मर्यादित करून १२ व्होल्टचा परिपथ चालवला, तर रोधात सात वॅटपेक्षा अधिक उष्णता निर्माण होईल आणि परिपथाच्या वाट्याला अर्धा वॅटही येणार नाही. धारित्र मात्र आवर्तनाच्या एका पावात घेतलेली ऊर्जा पुढच्या पावात परत करते, म्हणून ते फारसे तापत नाही. त्यानंतर डायोडच्या साहाय्याने धारा एकदिश करून झेनर डायोडने दाब स्थिर राखतात.

हा परिपथ स्टाइनमेट्झ यांनी तयार केलेला नाही. डायोडचे युग त्यांच्यानंतरचे. तसेच तो रोहित्रासारखा सुरक्षितही नाही. मुख्य वीजवाहिनीपासून तो विलग नसल्याने १२ व्होल्टच्या बाजूला हात लागला तरी प्राणघातक धक्का बसू शकतो. त्यामुळे तो पूर्णपणे बंदिस्त आवरणातच वापरतात. धारित्र थेट मुख्य पुरवठ्यावर चालण्यासाठी प्रमाणित केलेल्या एक्स वर्गातील असावे लागते, आणि वीज बंद केल्यावर त्यातील भार ओसरावा म्हणून त्याला समांतर रोध जोडतात.

उत्तरायुष्य

१९०२ पासून स्टाइनमेट्झ यांनी स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात अध्यापन केले. त्यांच्या नावावर सुमारे २०० पेटंटे आहेत. १९२२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत १,२०,००० व्होल्टची कृत्रिम वीज पाडून दाखवली. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात यंत्रावर खडूने एक खूण करून त्यांनी दहा हजार डॉलर मागितल्याची गोष्ट लोकप्रिय असली तरी तिला समकालीन पुरावा नाही.

राजकीय मते त्यांनी अमेरिकेतही सोडली नाहीत. समाजवादी महापौर जॉर्ज लन यांच्या कारकिर्दीत ते शहराच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. १९२२ मध्ये त्यांनी लेनिन यांना पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणासाठी मदत देऊ केली होती.

आपले व्यंग पुढच्या पिढीत उतरेल या भीतीने स्टाइनमेट्झ यांनी विवाह केला नाही. प्रयोगशाळेतील तरुण सहकारी जोसेफ हेडन यांचे लग्न झाल्यावर त्यांनी त्या जोडप्याला आपल्या घरी राहायला बोलावले व पुढे हेडन यांना कायदेशीर दत्तक घेतले. हेडन यांची तीन मुले त्यांना आजोबा मानत. पश्चिम किनाऱ्याच्या प्रवासाहून परतल्यावर काही दिवसांतच स्टाइनमेट्झ यांचे राहत्या घरी हृदयविकाराने निधन झाले. स्केनेक्टडीच्या व्हेल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.