भटक्या शाहिराचे देणे

अमेरिकेत वुडी गथ्री गिटार घेऊन विस्थापित शेतकऱ्यांची गाणी गात भटकला. महाराष्ट्रात तेच कार्य अण्णाभाऊ साठे यांनी डफावर केले. १९२० साली वाटेगावी मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णाभाऊ लहानपणीच पायी मुंबईस आले, गिरणीत राबले. १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा त्यांनी त्यास लोकनाट्याचे रूप दिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची वाणी गावोगाव घुमली. १९६९ साली ते दारिद्र्यातच निवर्तले.

धर्मापुरी ज्या बीड जिल्ह्यात आहे, तेथून आजही दरवर्षी मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीस जातात. त्यांची कैफियत मांडणारा शाहीर आज कोठे आहे, हा प्रश्न जयंतीस हार घालणाऱ्यांनी स्वतःस विचारावा.