इसवी सन २०००ची कादंबरी लिहिणारा पंतप्रधान

न्यूझीलंडमध्ये विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या उत्तम पुस्तकांना २००२ सालापासून दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला सर ज्युलियस व्होगेल यांचे नाव आहे. व्होगेल कादंबरीकार म्हणून कधीच गाजले नाहीत. ते त्या देशाचे दोन वेळा पंतप्रधान झाले आणि आयुष्यात त्यांनी एकच कादंबरी लिहिली. तीही फारशी चालली नाही.

लंडनमधील ज्यू कुटुंबात २४ फेब्रुवारी १८३५ रोजी त्यांचा जन्म झाला. सोन्याच्या ओढीने ते १८५२ मध्ये ऑस्ट्रेलियात गेले आणि खाणींच्या गावांत वृत्तपत्रांचे संपादक झाले. १८६१ मध्ये ते न्यूझीलंडमधील ओटागोला आले. तिथेही सोने सापडले होतेच! त्याच वर्षी त्यांनी भागीदारीत ‘ओटागो डेली टाइम्स’ हे देशातील पहिले दैनिक सुरू केले.

संपादकाचा पुढारी होण्यास वेळ लागला नाही. अर्थमंत्री या नात्याने १८७० मध्ये त्यांनी धाडसी योजना मांडली. जेमतेम अडीच लाख गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या त्या देशाने दहा वर्षांत एक कोटी पौंडांचे कर्ज काढावे, त्यातून रेल्वे व रस्ते बांधावेत आणि युरोपातून माणसे आणावीत. शंभर किलोमीटरही नसलेला लोहमार्ग १८८० पर्यंत सुमारे १,९०० किलोमीटर झाला. मात्र या विस्तारासाठी माओरींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर घेतल्या गेल्या, हे विसरता येत नाही. पुढे मंदी आली, तेव्हा कर्जाचे खापर व्होगेल यांच्याच माथी फुटले.

स्त्रियांना मताधिकार देणारे विधेयक त्यांनी १८८७ मध्ये संसदेत आणले. दुसऱ्या वाचनात ते संमत झाले, पण पुढे बारगळले. त्याच वर्षी सत्ताही गेली. संधिवाताने जर्जर झालेले, ऐकू न येणारे व्होगेल १८८८ मध्ये इंग्लंडला परतले. पैशाचीही चणचण होती.

अशा अवस्थेत १८८९ मध्ये त्यांची ‘अ‍ॅनो डोमिनी २०००, ऑर वुमन्स डेस्टिनी’ प्रसिद्ध झाली. तिच्यातील जगात स्त्रिया पंतप्रधान व राष्ट्राध्यक्ष आहेत आणि आकाशात विमाने लढतात. संसदेत हरलेली बाजू त्यांनी कादंबरीत जिंकून घेतली, असे म्हणावेसे वाटते. साम्राज्याचा मोह मात्र सुटला नव्हता; त्यांच्या कल्पनेत अमेरिका पुन्हा ब्रिटिश झेंड्याखाली येते.

न्यूझीलंडच्या स्त्रियांना १८९३ मध्ये मताधिकार मिळाला, तेव्हा व्होगेल इंग्लंडमध्येच होते. १२ मार्च १८९९ रोजी त्यांचे निधन झाले.

प्रत्यक्ष २००० साल उजाडले, तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधानपदी हेलन क्लार्क होत्या, विरोधी पक्षनेत्या जेनी शिपली आणि सरन्यायाधीश सियान एलियास. दोनच वर्षांनी तेथील विज्ञानकथाप्रेमींनी आपल्या पुरस्काराला व्होगेल यांचे नाव दिले. त्याचे विजेते ठरतात ते मतदानाने.