चुका शोधणारा गणिती : राजचंद्र बोस

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दिवाळी झाली की आई-बाबांचा कोयता कारखान्यावर जातो आणि धाकट्या बहिणीसह घर माझ्यावर पडते. गेल्या वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरात मी नापास झालो, तेव्हा पुस्तके बांधून उसाच्या फडात जावे, असेच मनाने घेतले होते. त्याच दिवसांत सरांनी मला राजचंद्र बोस यांची हकिकत सांगितली.

त्यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी होशंगाबादचा. बालपण रोहतकला गेले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली, पुढल्याच वर्षी वडीलही. शिकवण्या करीत या पोरक्या मुलाने गणिताचे शिक्षण पुरे केले. १९३२ मध्ये महालनोबिसांनी त्यांना कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत बोलावले, तेव्हा त्यांना संख्याशास्त्र येतच नव्हते. एकतिसाव्या वर्षी त्यांनी ते मुळापासून शिकायला घेतले!

१९४९ मध्ये ते अमेरिकेत गेले. आपले मराठी गणिती शरदचंद्र श्रीखंडे हे तेथे त्यांचे विद्यार्थी. १९५९ मध्ये या गुरुशिष्यांनी पार्कर यांच्यासह ऑयलरचे पावणेदोनशे वर्षांचे अनुमान खोटे ठरवले.

१९६० मध्ये बोस आणि राय-चौधुरी यांनी चुका सुधारणारे संकेत मांडले. फ्रान्सच्या ओकेंगेम यांना ते १९५९ मध्ये स्वतंत्रपणे सापडले होते. म्हणून त्यांना ‘बीसीएच’ म्हणतात.

उपग्रहावरून येणारे चित्र म्हणजे शून्य-एकांची रांग. वाटेत काही अंक उलटतात, म्हणून सोबत तपासणीचे जादा अंक धाडतात. ७ अंकांना असे ८ अंक जोडले, तर त्या पंधरांत कोठेही झालेल्या दोन चुका सुधारता येतात. पण चूक शोधायची कशी? आलेली रांग प्रत्येक शक्य रांगेशी ताडायची, तर ७ अंकांच्याच १२८ रांगा होतात. ६४ अंकांना जन्म पुरणार नाही. बोसांच्या रचनेत प्रत्येक जागेला बीजगणितातील एक खूण असते. मोजक्या बेरजा करून समीकरण सोडवले की त्याची उत्तरेच चुकांच्या जागा दाखवतात. पीटरसन यांनी १९६० मध्ये ही रीत दिली; बर्लेकँप आणि मॅसी यांनी १९६८-६९ मध्ये तिच्यातील खटाटोप आणखी कमी केला. उपग्रह-दूरचित्रवाणीच्या नव्या पद्धतीत हे संकेत आजही राबतात.

३१ ऑक्टोबर १९८७ रोजी बोस अमेरिकेत वारले.

मित्रहो, मीही मग पेपर कोठे चुकला ते शोधले. सूत्रे येत होती; घाईत बेरजा चुकत होत्या. यंदा तो पेपर पुन्हा दिला आहे. निकाल लागायचा आहे. पुस्तके मात्र फळीवरच आहेत.