चार्ल्स बॅबेज

विंडोजचा संगणक चांगला की ॲपलचा, यावरून माझा दादा नि मामा भांडतात. माझा नि दादाचा वाद बॅबेज यांच्या दोन यंत्रांवरून आहे.

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. छापील गणिती कोष्टकांत फार चुका असत. म्हणून बिनचूक कोष्टके करणारे यंत्र त्यांनी करायला घेतले. सरकारने पैसे दिले. ते पुरे होण्याआधीच १८३४ साली त्यांना दुसरे यंत्र सुचले. भोके पाडलेल्या कार्डांवरून ते हवे ते गणित करणार होते. १८४२ साली सरकारने पैसे बंद केले. १८७१ साली बॅबेज वारले. दोन्ही यंत्रे अर्धवटच राहिली.

दादा म्हणतो, दुसरेच खरे संगणकासारखे. मी म्हणते, हातातले आधी पुरे करायचे ना! त्यांच्याच सुधारलेल्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली पहिल्या जातीचे यंत्र बनवले. ते बरोबर चालले. दुसरे अजून कोणी पुरे केलेले नाही.