आकड्यांना चित्ररूप देणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल

हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी परिचारिका, ही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. मात्र आकडेवारी चित्ररूपात मांडून राज्यकर्त्यांना कृतीस प्रवृत्त करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ म्हणूनही त्यांचे कार्य तितकेच मोलाचे आहे.

१२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका संपन्न इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गणिताची त्यांना लहानपणापासून गोडी होती. क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या आजच्या इस्तंबूलमधील स्कुतारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. त्यांनी अहोरात्र सेवा केली, तरी मृत्यूंचे प्रमाण वाढतच राहिले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ करून हवा खेळती राहील अशी व्यवस्था केल्यानंतर ते झपाट्याने घटले.

१८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या साहाय्याने त्यांनी युद्धातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. जानेवारी १८५५ या एकाच महिन्यात जखमांमुळे ८३, तर रोगांमुळे २,७६१ सैनिक दगावले होते. योग्य स्वच्छता राखली असती तर यातील बहुतेक मृत्यू टळले असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आकड्यांचे लांबलचक तक्ते कोणी वाचणार नाही, हे ओळखून १८५८ मध्ये त्यांनी वर्तुळाकार आलेख तयार केले. वर्तुळातील प्रत्येक पाकळी एका महिन्याची असून तिचे क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात होते. टाळता येण्याजोग्या रोगांसाठी निळा, जखमांसाठी लाल आणि अन्य कारणांसाठी काळा रंग वापरण्यात आला. निळ्या रंगाचा विस्तार पाहताच खरा शत्रू कोण, हे स्पष्ट होत असे. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

नाइटिंगेल भारतात कधीही आल्या नाहीत. तरीही येथील लष्करी छावण्यांकडून प्रश्नावलीद्वारे त्यांनी माहिती मागविली. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालाने भारतातील ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दर हजारी ६९ असल्याचे उघड केले. पुढे छावण्यांतील स्वच्छतेबरोबरच भारतीय जनतेच्या आरोग्याचा आणि दुष्काळाचा प्रश्नही त्यांनी सातत्याने मांडला.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. संगणकाच्या पडद्यावर आज आकडेवारीचे आलेख क्षणार्धात उमटतात आणि बोटाच्या स्पर्शाने बदलतात. त्या आलेखांमागील माणसांचे प्राण वाचावेत, हा नाइटिंगेल यांचा हेतू मात्र आजही तितकाच महत्त्वाचा आहे.